बर्फावरची हाक

मी दार लावलं आणि लाइडाने ते उघडलं. चुकून उघडलं असेल असं समजून मी पुन्हा जाऊन नीट लावून घेतलं, वर कडीही घातली. म्हातारी पुन्हा उठली. ऐंशी ओलांडलेली बाई, काठी टेकत बाकांच्या मधून गेली, कडी काढली, दार भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं आणि माझ्याकडे न बघता जागेवर येऊन बसली. गीत चालूच होतं. बाहेरचा गारठा थेट आत येत होता आणि गाणाऱ्या प्रत्येक तोंडातून वाफ निघत होती.

मला रागच आला. मी नगरची. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे जरा बोचरं झालं तरी माणसं शेकोटी करून बसतात. इथे अंगात लोकरीची विजार, त्यावर सहावारी, वर दोन स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी असा माझा अवतार होता, तरी दात वाजायचे थांबत नव्हते. आणि मंडळी तर सगळी म्हातारी. त्यातली एखादी उद्या न्यूमोनियाने आडवी झाली तर? मी शेजारी बसलेल्या वीर्वेच्या कानाला लागले.

"तुमच्या लाइडाबाईंना काहीतरी सांगा. सगळे गारठलेत."

वीर्वे बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. आम्हा नवराबायकोचे कान आणि तोंड तीच. ती गाता गाता थांबली.

"दार उघडंच राहू द्या," ती म्हणाली. "पास्टर अजून बर्फावर आहेत."

पास्टर म्हणजे आमचे हे. तोवर मला खरोखर काळजी नव्हती. एस्टोनियातल्या त्या बेटावर आम्हाला येऊन दोन-तीनच महिने झाले होते, आणि बर्फाची भीती वाटायला आधी बर्फाची ओळख लागते. एके काळी गोरे मिशनरी आमच्या नगरला यायचे. निवृत्तीनंतर आम्हा दोघांना उलट्या दिशेने, गोऱ्यांच्या मंडळीची सेवा करायला धाडायचं ठरलं, तेव्हा आमच्या मिशन कंपाउंडात सगळ्यांची हसून पुरेवाट झाली होती. हे मात्र लगेच तयार झाले. मंडळी लहान असली म्हणून काय झालं, मेंढरं ती मेंढरंच, असं म्हणाले आणि लोकरीचे मोजे आणायला बाजारात गेले.

त्या रविवारी सकाळीच हे एंडेलच्या गाडीतून समोरच्या छोट्या बेटावर गेले होते. एंडेल हा मंडळीचा वडील, आमच्याकडच्या पंचांसारखा. त्याचा मेहुणा काल्यू तिथे अखेरच्या घटका मोजत होता आणि त्याला प्रभूभोजनाचा पाव आणि द्राक्षारस द्यायचा होता. हिवाळ्यात दोन बेटांमधला समुद्र गोठतो आणि त्याच्यावरून जा-ये सुरू होते. रस्ता म्हणजे काय, तर बर्फाला भोकं पाडून त्यांत झुडपाच्या फांद्या रोवलेल्या. त्या फांद्यांच्या ओळीने जायचं, ओळ सोडायची नाही. आमच्या प्रार्थनाघराच्या पायरीवर उभं राहिलं की ती ओळ उजव्या हाताला दिसे. डाव्या हाताला खुला समुद्र. तिकडे पाण्याला ओढ असल्यामुळे बर्फ पातळ पडायचं आणि त्याच्या पुढे तर नुसतं काळं पाणी होतं.

उपासनेच्या जरा आधी एंडेलचा वीर्वेला फोन आला. काल्यूचं काही खरं नाही, त्याला सोडून मला निघता येत नाही, पण पास्टर थांबायला तयार नाहीत, पायी निघालेत. ह्यांचं ते असंच. उभ्या आयुष्यात उपासनेला कधी उशीर केला नाही ह्याची ह्यांना भारी घमेंड. समोर तर दिसतंय बेट, आपल्या बंगल्यापासून स्टेशनाएवढं अंतर, असं म्हणून मफलर गुंडाळला असणार आणि चालू लागले असणार.

ते निघाले तेव्हा ऊन होतं. धुकं नंतर आलं.

धुकं मी महाबळेश्वरला बघितलं होतं. ते येतं, जातं, माणसं त्यात उभी राहून फोटो काढतात. हे तसलं नव्हतं. हे डावीकडून, खुल्या समुद्रावरून, बर्फाला चिकटून सरकत आलं. खिडकीतून बघता बघता लांबच्या फांद्या गेल्या, मग जवळच्या गेल्या, मग अंगणातला पंप गेला. उघड्या दारातून आता पायऱ्यांच्या पुढे काहीच दिसत नव्हतं.

"मग इथे बसून गाताय काय?" मी वीर्वेला म्हटलं. "कोणीतरी बघायला जा."

"धुक्यात बर्फावर कोणी उतरायचं नाही. एकाला शोधायला गेलं की दोघं हरवतात. मी बचाव पथकाला फोन केलाय, पण धुकं विरेपर्यंत त्यांनाही गाडी बर्फावर घालता येणार नाही."

"घंटा वाजवा."

"आमच्या प्रार्थनाघराला घंटा नाही. म्हणून तर आम्ही दार उघडं टाकून गातो. जुनी रीत आहे. बर्फावर कोणी असेल तर तो पोचेपर्यंत गायचं."

"मग थाळी बडवू. परात बडवू."

"धुक्यात तसला आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो," वीर्वे म्हणाली. "माणसाला माणसाचा आवाजच कळतो."

मंडळी गात राहिली. गीत संपलं की कोणीतरी पुन्हा पहिल्या ओळीपासून उचलायचं. एरवी उपासना झाली की मागच्या खोलीत कॉफी, काळा पाव आणि खारवलेले मासे असायचे, आणि ते मासे बघून हे दर रविवारी मला डोळ्यांनी खुणावायचे, की आज तरी घरी गेल्यावर पिठलं टाक. त्या दिवशी कॉफी किटलीत तशीच निवून गेली. उजेड उतरायला लागला होता. तिकडे हिवाळ्यात दुपारच्या चहालाच अंधारून येतं. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, पण शब्द सुचत नव्हते. नुसतं, 'ह्यांना आण, ह्यांना आण,' एवढंच चाललं होतं.

मग लाइडा उठली आणि माझ्यासमोर येऊन काहीतरी बोलली.

"ती म्हणते, आता हाक मारायला हवी," वीर्वेने सांगितलं. "गाणं त्यांना कळत नसेल, आमच्या भाषेतलं आहे. घरच्या माणसाने हाक मारायची. पायरीवर उभं राहून, नाव घेऊन."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन. तशीच रीत आहे."

आता हसू नका. माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं आणि त्यांनी मला. आपण ख्रिस्ती माणसं, असल्या समजुती आपण टाकल्या, असं हे व्यासपीठावरून ठणकावून सांगायचे. पण घरात मी 'अहो' आणि हे 'अगं', त्यापुढे गाडी कधी गेली नाही. चारचौघांत मी पाळकसाहेब म्हणायची. बँकेत कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं तर कागदावर लिहून पुढे सरकवायची. लग्नात उखाणा घेतला तेवढा एकदा, आणि तोही असा पुटपुटत, की ह्यांच्या मावशीने विचारलं, "काय गं, नवऱ्याला गिळलंस का?"

मी पायरीवर जाऊन उभी राहिले. समोर पांढऱ्याशिवाय काही नाही. वीर्वे एका बाजूला, लाइडा एका बाजूला. तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. नवरा बर्फावर मरणाच्या दारात उभा आहे आणि मला लाज वाटतेय, हे मला कळत होतं. स्वतःची चीड येत होती. तरी तोंडातून निघालं ते एवढंच.

"अहो!"

"हे नाव नाही," वीर्वे म्हणाली. तिला आमचं एवढं ठाऊक झालं होतं, आणि मला ती माझ्या नावानेच हाक मारायची. "नाव, सुवार्ता. नाव घ्या त्यांचं."

"अहो! ऐकलंत का?"

"कुणाला बोलावताय हे त्यांना कळणार कसं?"

"कळतं," मी म्हटलं. पण माझी मलाच खात्री नव्हती.

लाइडाचा धीर संपला. तिने मला कोपराने बाजूला सारलं, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि आपल्या फाटक्या आवाजात ह्यांचं नाव घेऊन लांबलचक हाक मारली. हाक गेली. आतलं गाणं थांबलं. सगळे कान देऊन बसले.

"आलो!"

मराठीत. ह्यांचाच आवाज. मी रडायला लागले आणि वीर्वेच्या गळ्यात पडले. पण तिने मला धरलं नाही. ती आणि लाइडा एकमेकींकडे बघत होत्या. मग माझ्या लक्षात आलं. आवाज डावीकडून आला होता.

लाइडाने पुन्हा नाव घेतलं. पुन्हा ओ आली. "आलो, आलो." ह्या खेपेला आधीपेक्षा लांबून.

लाइडा मटकन पायरीवर बसली आणि तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. ती काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही."

"वीर्वे, मला सांगा."

"ती म्हणते, आर्वोही असाच ओ देत होता."

आर्वो हा तिचा नवरा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तोही त्याच बर्फावरून येत होता, असंच धुकं पडलं होतं आणि लाइडा ह्याच पायरीवर उभी राहून त्याचं नाव घेऊन हाका मारत होती. तो प्रत्येक हाकेला येतोय, येतोय म्हणत होता आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब असायचा. शेवटी ओ येईनाशी झाली. तेव्हा रशियनांचा अंमल होता, माणसं जमेल तशी पळून स्वीडन गाठायची. गावाने ठरवलं की पाण्याच्या कडेला बोट थांबलेली असणार आणि आर्वोने बायकोला झुलवत ठेवून पळ काढला. लाइडानेही तेच धरलं. बुडाला असता तर माझ्याकडे येताना बुडाला असता, तो तर माझ्यापासून लांब जात होता, असं ती म्हणायची. तिने पुन्हा लग्न केलं नाही, पण त्याचा फोटोही घरात लावला नाही.

हे सगळं वीर्वेने मला भरभर सांगितलं. मी नीट ऐकलंही नाही. मला एवढंच दिसत होतं, की ह्यांचे पाय चुकीच्या दिशेला पडतायत आणि पुढे पाणी आहे. लाज कुठे गेली कोण जाणे. मी पदर लाइडाच्या हातातून सोडवला, पायऱ्या उतरले आणि बर्फाच्या कडेला उभी राहून गळा काढला.

"अहो! अहो, इकडे! अहो, तिकडे कुठे निघालात? इकडे या!"

नाव तेव्हाही आलं नाही. घसा फुटेपर्यंत मी 'अहो'च म्हणत राहिले. मागून वीर्वे नाव, नाव म्हणून ओरडत होती. समोरून ओ आली नाही. मी थांबले, ऐकलं. काहीच नाही. पुन्हा ओरडले. त्या शांततेत माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. वीर्वे खाली आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातावरून मला कळलं की तिने आशा सोडली आहे.

तेवढ्यात बर्फ करकरलं. उजवीकडे.

आधी मफलर दिसला, मग टोपी, मग हे. भुवया पांढऱ्या झालेल्या. एक बूट घोट्याच्या वरपर्यंत भिजून त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला. जवळ आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उशीर झाला गं."

मी काय बोलले मला आठवत नाही. शिव्या दिल्या असाव्यात, कारण वीर्वेला भाषा कळत नसूनही ती हसत होती आणि रडत होती.

ह्यांना आत आणून शेगडीपाशी बसवलं. कोणी बूट काढला, कोणी पाय चोळले, कोणी घोंगडी टाकली. कॉफी पुन्हा गरम झाली. सगळी मंडळी भोवती. दार अजून उघडंच होतं, कोणाला लावायचं सुचलं नव्हतं. ह्यांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तू माझं नाव कशाला घेतलंस?"

"मी कुठे घेतलं? लाइडाबाईंनी घेतलं."

"त्यांची हाक मी ऐकली. ती नंतर आली. मला लाइडाचा आवाज कळत नाही का? त्याच्या खूप आधीपासून तू बोलावत होतीस."

"मी बोलावत नव्हते. मी आत बसले होते."

ह्यांनी कप खाली ठेवला.

"तुझाच आवाज होता," हे म्हणाले. "हुबेहूब. मराठीत. फांद्यांची ओळ सुटली, मी उभा राहिलो, आणि ऐकू आलं. नाव घेऊन म्हणालीस, इकडे या, मी इथे आहे. मला बरं वाटलं. मी ओ देत निघालो. जेवढा चालायचो तेवढी तू पुढून बोलवायचीस. अगदी जवळ आल्यासारखा आवाज झाला. आणि तेवढ्यात पाठीमागून, लांबून, बारीकसं 'अहो' आलं."

मी घोंगडी ह्यांच्या पायांवर ओढून घेतली.

"मी जागच्या जागी थांबलो. म्हटलं, मागे कोण 'अहो' म्हणतंय? आणि मग म्हटलं, पुढे माझं नाव कोण घेतंय? आयुष्य गेलं, हिने कधी माझं नाव घेतलं नाही, आणि आज बर्फावर घ्यायला लागली? पाय मागे घ्यायला गेलो तर हा पाय पाण्यात होता. पुढे एक पाऊलही बर्फ नव्हतं. मी वळलो. ती जी कोण होती, ती मागून हाका मारत होती. नाव घेत होती. तुझ्याच आवाजात रडत होती. मी वळून बघितलं नाही, ओही दिली नाही, फांद्यांची ओळ पुन्हा लागेपर्यंत 'अहो'च्या रोखाने चालत राहिलो."

वीर्वेने आमचे चेहरे बघून काय झालं ते विचारलं. ह्यांनी इंग्रजीत सांगितलं, तिने ते मंडळीला सांगितलं. नवराबायकोने एकमेकांना हाक मारायची आमची पद्धत तिला मधेच थांबून समजावावी लागली. सांगून झालं तेव्हा लाइडा काठी टेकत ह्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिने विचारलं आणि वीर्वेने तिचा एकेक शब्द आम्हाला दिला.

"आवाज बायकोचा होता?"

"हो."

"दुसऱ्या कुणाचा नाही?"

"नाही. हिचाच."

"आणि तुम्ही पाण्याकडे चालत होता, ते तिच्याकडे जातोय असं समजून?"

"मी दुसऱ्या कशासाठी चालेन, बाई?" हे म्हणाले.

लाइडाने ते वीर्वेकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग तिने हात तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "आर्वो." हाक नव्हे. शेजारी बसलेल्या माणसाला आपण म्हणतो तसं, हलक्या आवाजात. सगळं आयुष्य ती त्याला पळपुटा म्हणत आली होती आणि तो तिच्याकडेच चालत गेला होता.

ती वळली, बाकांच्या मधून दाराशी गेली, ते लावलं आणि कडी घातली. त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर धुकं बऱ्याचदा पडलं. दार उघडून गाणं होत राहिलं. नाव घेऊन हाक मात्र कोणी मारली नाही, आणि लाइडाच्या घरात चुलीच्या वर एका तरुण माणसाचा फोटो लागला.

सकाळी आलेल्या शिंकेवरूनही उपदेश करणारे हे, पण ही गोष्ट ह्यांनी कधी व्यासपीठावरून सांगितली नाही. घरीही नाही. फक्त नगरला परतल्यावर एकदा, मी भाजी निवडत असताना, मधेच म्हणाले, "बरं झालं तुला लाज वाटली."

हे जाऊन आता काही वर्षं झाली. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, मुलांच्या हातून पाणी पिऊन गेले. मी रडले, पण मला भीती वाटली नाही.

भीती अलीकडे वाटते. हिवाळ्यात आमच्या कंपाउंडातही कधीकधी सकाळी धुकं पडतं. मी चहा ठेवायला उठते आणि मागच्या दारापलीकडून, विहिरीच्या बाजूने, हाक येते. "सुवार्ता. सुवार्ता, इकडे ये." आवाज ह्यांचा. खोकला सुद्धा ह्यांचाच. सून म्हणते, आई, तुम्हाला भास होतात. तिला मी काही सांगत नाही. हाक येते, मी गॅस बारीक करते आणि दाराची कडी एकदा चाचपून बघते.

ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. एकदाही नाही. मी चहा गाळते आणि कान देऊन बसते. 'अगं' अशी हाक आली की त्या दिवशी दार उघडीन.